६८ अर्ज, पाच उत्तरं: अनुभव नसताना परदेशात इंग्रजी शिकवण्याची पहिली नोकरी

चार महिने, ६८ अर्ज, पाच उत्तरं. एवढा हिशेब घेऊन ती माझ्याकडे आली. वय २६, वाणिज्य शाखेची पदवी, एका कंपनीच्या ग्राहकसेवा विभागात फोनवर दोन वर्षं काम, आणि १२० तासांचं ऑनलाइन टेफल प्रमाणपत्र. टेफल म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण. इंग्रजी चांगलं होतं, बोलणं स्वच्छ होतं, घर सोडून लांब राहायची तयारीही होती. आणि आजाराचं निदान तिनं स्वतःच करून ठेवलं होतं.

"ताई, अनुभवाशिवाय नोकरी देत नाहीत आणि नोकरीशिवाय अनुभव येत नाही. मग सुरुवात करायची कुठून?"

हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलंय. माझ्या पहिल्या नोकरीआधी मीही हेच रडगाणं गात होते, त्यामुळे हसले नाही. फक्त एक काम सांगितलं: ६८ अर्जांची यादी कर. देश, संस्थेचा प्रकार, अर्जाची तारीख, आलेलं उत्तर. बाकी काही नको.

यादी यायला आठवडा लागला. तिनं स्वतः ती एकत्र अशी कधी पाहिलीच नव्हती.

यादीत काय सापडलं

६८ पैकी २७ अर्ज दक्षिण कोरिया आणि चीनमधले होते. कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठीचा नेहमीचा व्हिसा ई-२. तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. करारानं मिळालेला अपवाद असला, तरी त्याला रीतसर शिक्षकाचा परवाना लागतो. तिचा पासपोर्ट या सातांपैकी कुठल्याच देशाचा नव्हता आणि परवानाही नव्हता. चीनमध्येही परवान्याचे नियम याच बाजूला झुकलेले: इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचं नागरिकत्व, पदवी, आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा मान्य प्रमाणपत्र. शिवाय जुलै २०२१ मध्ये तिथे 'दुहेरी भारकपाती'चं धोरण आलं. शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांतून नफा कमवायला बंदी आली आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवण्याचा मोठा धंदा जवळपास एका रात्रीत बसला. तिनं वाचलेले 'अनुभव नको, फक्त इंग्रजी हवं' छापाचे सल्ले त्याआधीच्या काळातले होते.

१४ अर्ज आखाती देशांमधले. तिथल्या शाळा पगार बरा देतात, म्हणून मागतातही जास्त: इंग्रजीची किंवा शिक्षणशास्त्राची पदवी आणि बहुतेक ठिकाणी किमान दोन वर्षांचं वर्गातलं काम. इथे अनुभवाचा अडसर खरा होता. ११ अर्ज युरोपीय संघातल्या खासगी भाषाशाळांना. संघाबाहेरच्या नवख्या शिक्षकासाठी कामाच्या परवान्याचा खर्च आणि खटाटोप अशी छोटी शाळा सहसा करत नाही, कारण तिच्या दारात संघाचाच पासपोर्ट असलेले उमेदवार उभे असतात.

राहिले १६. थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया. त्यातले नऊ अर्ज अशा महिन्यांत गेलेले, जेव्हा तिथल्या शाळांची भरती संपून सत्र मध्यावर आलेलं असतं.

म्हणजे ज्यांना उत्तर येण्याची शक्यता होती, असे अर्ज सात. पाच उत्तरांपैकी दोन दलालांची, दोघांनीही 'नोंदणी शुल्क' मागितलेलं. दोन उत्तरं 'फक्त मातृभाषक' अशी. आणि एक मुलाखतीचं बोलावणं, ते या सातांपैकीच एकाकडून. सातात एक मुलाखत! नवख्या उमेदवाराला हे प्रमाण वाईट म्हणता येणार नाही. चार महिने ती स्वतःला नाकारलेली समजत होती, आणि ६८ पैकी ६१ ठिकाणी तिचा अर्ज कुणी मनापासून वाचलाही नसेल.

'मातृभाषक' या शब्दाबद्दल थोडं. इंग्रजी शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना टेसॉल हिनं २००६ मध्येच निवेदन काढून मातृभाषेवरून शिक्षकांत भेद करण्याला विरोध केला. जाहिराती लिहिणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही. मला राग येतो, पण पहिल्या नोकरीच्या शोधात त्या रागावर फार वेळ घालवू नये असंच मी तिला सांगितलं. कायद्यानं बंद असलेलं दार आणि मालकाच्या पूर्वग्रहानं लोटलेलं दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर डोकं आपटायचं नाही. दुसरं कधीकधी उघडतं.

ती एकुलती एक मुलाखत

आता त्या सातातल्या मुलाखतीकडे. ती कशी गेली ते मला सविस्तर हवं होतं, कारण खरी उणीव तिथेच सापडणार होती.

समोरच्या बाईंनी विचारलं, "'युज्ड टू' कसं शिकवाल?" तिनं उत्तर दिलं: भूतकाळातली सवय जी आता राहिलेली नाही, ती दाखवायला हे रूप वापरतात, त्यानंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं. अगदी बरोबर. बाईंनी पुन्हा विचारलं, "हो, पण शिकवाल कसं?" तिनं तीच व्याख्या जरा सावकाश सांगितली.

गाडी अडली ती इथे. १२० तासांच्या त्या अभ्यासक्रमात तिनं व्हिडिओ पाहिले होते, प्रश्नमंजूषा सोडवल्या होत्या, पाठाचे आराखडे लिहिले होते. जिवंत माणसांसमोर उभं राहण्याचे तास शून्य. तुलनेसाठी सांगते, केंब्रिजच्या सेल्टा अभ्यासक्रमातही मार्गदर्शनाचे तास साधारण १२०च असतात, पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावं लागतं, मागे बसून कुणीतरी टिपणं काढत असतं, आणि निकाल त्यावर आणि लेखी कामांवर ठरतो. प्रमाणपत्रावरचा '१२०' हा आकडा दोन्हीकडे सारखा दिसतो, म्हणून नवखे फसतात.

सेल्टा करावं का, हा प्रश्न आलाच. मी त्या वेळी नको म्हटलं. प्रौढांच्या चांगल्या भाषासंस्थांत जायचं असेल तर ते किंवा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं त्याच तोडीचं सर्टटेसॉल हाच पाया धरतात, यात वाद नाही. पण ते महाग आहे आणि तिच्या डोक्यावर आधीच शैक्षणिक कर्ज होतं. थायलंडमधल्या शाळांना ते लागत नाही. शिवाय आपल्याला वर्गात उभं राहणं आवडतं का, हेच तिला अजून ठाऊक नव्हतं. ते कळायच्या आत एवढा पैसा कशाला घालायचा?

२४ तास

प्रौढांना मोफत इंग्रजी शिकवणाऱ्या एका छोट्या गटात तिनं नाव दिलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दीड तास, आठ आठवडे. सोळा वर्ग, २४ तास. माझी अट एकच होती: चार वर्गांना मी मागे बसणार.

पहिल्या वर्गाला मी घड्याळ लावून बसले. ९० मिनिटांपैकी ६१ मिनिटं ती एकटी बोलत होती. बारा माणसं, दिवसभराचं काम आटोपून आलेली, बाकीच्या २९ मिनिटांत काय बोलणार? दर पाच मिनिटांनी ती विचारायची, "समजलं?" आणि बाराही माना हलायच्या. वर्ग सुटल्यावर ती खूश होती. मी कागदावरचा आकडा दाखवला. ती गप्प झाली, दोन दिवस फोन आला नाही.

'समजलं का?' हा शिक्षकाचा सर्वांत निरुपयोगी प्रश्न आहे. नाही म्हणायला कुणालाच आवडत नाही, आणि जे समजलं नाही ते समजलं नाही हेही अनेकदा कळत नाही. त्याऐवजी अर्थ तपासणारे छोटे प्रश्न विचारायचे असतात. 'ही युज्ड टू स्मोक' असं वाक्य घेतलं, तर: तो पूर्वी सिगारेट ओढायचा का? हो. एकदाच ओढली होती का? नाही. आता ओढतो का? नाही. तीन प्रश्न, उत्तरं एकेका शब्दाची, आणि कोण कुठे चुकतंय ते लगेच दिसतं. या प्रश्नांत 'युज्ड टू' हे शब्द येऊ द्यायचे नाहीत, हीच त्यातली मेख.

गंमत अशी की तिच्या भाषेत हे सगळं तयारच होतं. 'तो ओढायचा' आणि 'त्यानं ओढली' यांतला फरक मराठी मुलाला कुणी शिकवत नाही, तो ऐकूनच येतो. तिला म्हटलं, तू इंग्रजी शिकताना हा फरक कुठे पकडलास ते आठव. तिला आठवलं. 'ए' आणि 'द' यांच्याशी तिनं दिलेली झुंजही आठवली, कारण मराठीत असं काही नाहीच. थाई भाषेतही नाही. थाई क्रियापद काळानुसार बदलतही नाही. ज्या वाटेवर विद्यार्थी ठेचकाळणार त्या वाटेवर ती स्वतः ठेचकाळत आली होती. मातृभाषक शिक्षकाला ही वाट पुस्तकातून शिकावी लागते.

सहाव्या आठवड्यात मी पुन्हा घड्याळ लावलं. ३४ मिनिटं. मधली पंधरा मिनिटं तर ती नुसती बाकांमधून फिरत होती, जोड्यांचं बोलणं ऐकत होती आणि हातातल्या चिठ्ठीवर चुका टिपत होती. शेवटी त्यातल्या चार चुका नावं न घेता फळ्यावर लिहिल्या आणि वर्गाकडूनच दुरुस्त करून घेतल्या. हे तिला मी शिकवलं नव्हतं. तिनं आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका शिक्षकाचं पाहून उचललं होतं.

२४ तासांचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. पण आता तिच्याकडे सांगायला गोष्टी होत्या, आणि एका वर्गाचं, सगळ्यांची परवानगी घेऊन केलेलं, तीन मिनिटांचं चित्रण होतं. कॅमेऱ्याकडे बघून गोड हसत स्वतःची ओळख करून देणारे व्हिडिओ भरतीवाल्यांकडे पोत्यानं येतात. विद्यार्थी बोलत असलेला व्हिडिओ क्वचित.

अर्जही बदलला. ग्राहकसेवेचं काम तिनं तळाशी एका ओळीत उरकलं होतं. अहो, दोन वर्षं रोज साठ-सत्तर अनोळखी माणसांना, त्यांचं इंग्रजी कसंही असो, त्यांना झेपेल अशा शब्दांत गुंतागुंतीची गोष्ट समजावून सांगणं, हे शिकवण्याच्या किती जवळचं आहे! ते वर आलं.

माझी चूक

इथे मी एक घोडचूक केली. तिनं विचारलं होतं, इंग्रजीची परीक्षा देऊन ठेवू का? सगळं शिक्षण इंग्रजीतून झालंय, तुला कोण विचारणार, असं मी ठामपणे सांगून मोकळी झाले. थायलंडमध्ये ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा शिक्षकांकडून टोइकसारख्या परीक्षेचे गुण सर्रास मागितले जातात. ऐन मुलाखतींच्या दिवसांत तिला तारीख शोधून परीक्षेला बसावं लागलं. ९९० पैकी ९१५ मिळाले, पण तीन आठवडे गेले आणि एक बरी शाळा हातची निसटली.

दुसरी फेरी

थायलंडमध्ये शाळेचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला. म्हणून भरतीचा जोर मार्च-एप्रिलमध्ये, आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास. या वेळी तिनं मार्चच्या मध्यापासून महिनाभरात फक्त २२ अर्ज केले, जवळपास सगळे थायलंडमध्ये. सहा मुलाखती झाल्या, तीन ठिकाणी नमुना पाठ घ्यावा लागला, शेवटी दोन बोलावणी हातात आली. नमुना पाठात एकीनं पुन्हा 'युज्ड टू'च विचारलं, हा निव्वळ योगायोग.

पहिलं बोलावणं बँकॉकमधल्या एका खासगी भाषाकेंद्राचं. महिना ३५,००० बाट, संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे वर्ग. म्हणणं असं: पर्यटक व्हिसावर या, लगेच सुरू करा, कागदपत्रं दोन महिन्यांनी बघू. दुसरं ईशान्येकडच्या एका लहान शहरातल्या माध्यमिक शाळेचं. २४,००० बाट आणि राहायला खोली. व्हिसासाठीची पत्रं शाळा आधी पाठवणार, पण त्याला वेळ लागणार.

तिचा कल पहिल्याकडे होता. मोठं शहर, ११,००० बाट जास्त, आणि 'लगेच'. इतके महिने थांबलेल्या माणसाला 'लगेच' हा शब्द किती गोड लागतो ते मी समजू शकते.

मी निर्णय दिला नाही, दोन्हीकडे तीन प्रश्न पाठवायला लावले. कामाच्या परवान्यावर कुठल्या संस्थेचं नाव आणि कुठला पत्ता असेल? तुमच्याकडे सध्या असलेल्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी मला बोलता येईल का? व्हिसाचा आणि परवान्याचा खर्च कोण करणार?

भाषाकेंद्राचं उत्तर तासाभरात आलं: काळजी करू नका, इथे सगळे असंच करतात. तीनपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नाही. थायलंडमध्ये परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड होतो, देशाबाहेर काढतात, आणि दोन वर्षं नवा परवाना मिळत नाही. केंद्रालाही दंड होतो, पण केंद्र तिथेच राहतं. विमानात बसावं लागतं ते शिक्षकाला. आणि पगार थकला तर तक्रार कुठे करणार? ज्या कामावर आपण कागदोपत्री नाहीच, त्या कामाचा पगार मागायला तोंड कुठलं?

शाळेचं उत्तर पाच दिवसांनी आलं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण तिन्ही प्रश्नांची उत्तरं होती. परवान्याचं शुल्क शाळा देईल, व्हिसाचं तुम्ही. सोबत तिथल्या एका परदेशी शिक्षिकेचा ईमेल. त्या शिक्षिकेनं लपवाछपवी न करता लिहिलं: आठवड्याला १८ तास, प्रत्येक तासाला वेगळा वर्ग, वर्गात ४६ मुलं. म्हणजे ८२८ मुलं, प्रत्येकाची भेट आठवड्यातून एकदा. वर्गात पंखा आहे, आवाज फार. सहकारी चांगले. पगार वेळेवर. नावं लक्षात ठेवायची आशा सोडून द्या.

हा ईमेल वाचून ती घाबरली आणि मी निश्चिंत झाले. वाईट गोष्टी आकड्यांसकट सांगणारं माणूस ज्या शाळेत टिकलंय, त्या शाळेत जायला हरकत नाही.

तिनं शाळा निवडली. आनंदानं नाही, दोन दिवस कुढत.

कागद

पुढचे सहा आठवडे कागदांत गेले. पदवीचं साक्षांकन, पोलिसांचा चारित्र्य दाखला, शाळेची पत्रं. १९६१च्या हेग करारात असलेल्या देशांत अपोस्टील नावाचा एकच शिक्का पुरतो, नाहीतर दूतावासापर्यंत साक्षांकनाची साखळी चढावी लागते. थायलंडसाठी तिला साखळीच चढावी लागली. ही कामं बोलावणं येण्याआधीच सुरू केली असती तर निम्मा वेळ वाचला असता. पदवी काही बदलणार नव्हती.

नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा घेऊन ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचली. सत्र महिनाभर आधीच सुरू झालेलं. तो व्हिसा ९० दिवसांचा असतो. त्या मुदतीत शाळेनं कामाचा परवाना काढला, शिक्षक परिषदेकडून, म्हणजे खुरुसफाकडून, शिक्षकाचा परवाना नसताना शिकवण्याची तात्पुरती मुभा मागितली आणि मग मुक्काम वर्षभरासाठी वाढला. यातलं जवळजवळ सगळं शाळेच्या कार्यालयातल्या एका बाईंनी केलं.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. बारा प्रौढांसमोर जमलेलं ४६ मुलांसमोर जमेना. जोड्यांत बोला म्हटलं की २३ जोड्या थाईत गप्पा मारू लागत. शब्दाच्या शेवटचा 'स' मुलांच्या तोंडून गळून पडायचा आणि ती तासभर त्याच्याच मागे लागायची. तिच्या सहकारी शिक्षिकेनं एकदा सांगितलं, बाई, तो 'स' पुढच्या वर्षी सापडेल, आधी त्यांना बोलू दे.

पैसे फार उरत नाहीत. कर्जाचा हप्ता जाऊन जे राहतं त्यातून ती सेल्टासाठी बाजूला टाकते. या वेगानं दीड वर्ष लागेल असा तिचा हिशेब आहे. बँकॉकच्या त्या केंद्राची जाहिरात अजून दर महिन्याला झळकते, आणि ती मला त्याचं चित्र पाठवते, खाली काही न लिहिता.

थाई मुलांना घरातली छोटी टोपणनावं असतात, अनेकदा इंग्रजी शब्दांची. बँक, आइस, बॉल. तिनं प्रत्येक वर्गात पुठ्ठ्याच्या पाट्या करून घेतल्या आहेत. ८२८ पैकी ११२ नावं पाट्या न बघता येतात असं तिनं गेल्या महिन्यात कळवलं. तीन बँक आहेत, आणि त्यांत अजून गोंधळ होतो.